एकाच वर्षातली सगळी नंबर वन गाणी ऐकायची, तर कोणतं वर्ष निवडाल?

२००४.

तुम्ही विचारलंय की अमेरिकन पॉप आणि हिपहॉपची ओळख करून घ्यायला एकच वर्ष घ्यायचं आणि त्या वर्षी बिलबोर्ड मासिकाच्या हॉट १०० यादीत पहिल्या नंबरला गेलेली गाणी ओळीने ऐकायची, तर कोणतं वर्ष घ्यावं. माझ्याकडे या प्रश्नाला दुसरं उत्तर नाही. त्या वर्षी १२च गाणी पहिल्या नंबरला होती, म्हणजे तासाभरात अख्खं वर्ष ऐकून होतं.

त्या जानेवारीत मी शिकायला अटलांटाला गेले होते, त्यामुळे हे घरच्या माणसाचं कौतुक वाटेल. म्हणून आधी हिशेब मांडते. वर्षाचे ५२ आठवडे. त्यातले २८ एकट्या अशरचे, ७ आउटकास्टचे, ७ सिआराचे. शाळकरी वयात अटलांटाला आलेला गायक अशर, तिथलंच आउटकास्ट (आंद्रे ३००० आणि बिग बॉय ही रॅपर जोडी), तिथेच पुढे आलेली गायिका सिआरा. ४२ आठवडे एका शहराकडे! आणि १२ पैकी एकही गाणं गोऱ्या गायकाचं नव्हतं.

याला मागचा संदर्भ आहे. १९९५ साली न्यूयॉर्कच्या एका पुरस्कार सोहळ्यात आउटकास्टला नवोदितांचं बक्षीस मिळालं, तेव्हा प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली होती. हिपहॉप म्हणजे न्यूयॉर्क नाहीतर लॉस एंजेलिस, असा तो काळ. आंद्रे ३००० तेव्हा माइकवर एवढंच म्हणाला की दक्षिणेलाही, म्हणजे अटलांटाकडच्या अमेरिकेलाही, काही म्हणायचंय. २००४ उजाडलं तेव्हा त्याचंच 'हे या!' पहिल्या नंबरवर होतं. ते खाली आलं आणि त्या जागी त्याच आउटकास्टचं, बिग बॉयच्या रॅपचं 'द वे यू मूव्ह' गेलं.

'हे या!'बद्दल जरा सांगू द्या. लहानपणी मी तबला शिकले होते. रूममेटच्या गाडीत हे गाणं लागलं, मी सवयीने मांडीवर ताल धरला आणि दर फेरीला सम चुकायला लागली. नंतर बोटांवर मोजलं: चार मात्रांचे तीन विभाग, मग अचानक दोन मात्रांचा एक, पुन्हा चारचे दोन. २२ मात्रांचं आवर्तन! आणि त्यावर माणसं न अडखळता नाचतात. इतकं अवघड काम इतक्या सहज पोचवणाऱ्या रचना मी फार थोड्या ऐकल्यात.

पण त्या वर्षाचा खरा कणा म्हणजे लिल जॉन. मूळचा क्लबमधला डीजे, पुढे इतरांच्या गाण्यांसाठी बीट, म्हणजे तालाची आणि वाद्यांची चौकट, बनवणारा. त्याची शैली क्रंक: ८०८ या ताल वाजवणाऱ्या यंत्राचा जड खर्ज, सिंथेसायझरवर मोजक्या सुरांची टोचणारी ओळ आणि वरून आरोळ्या. अशरचा अल्बम जवळजवळ तयार होता आणि 'बर्न' हे संथ गाणं आधी काढायचं ठरलं होतं. लिल जॉनने अशरला जो बीट दिला, तो त्याआधी रॅपर पीटी पाब्लोकडेही गेलेला होता. त्यावर पाब्लोचं 'फ्रीक-अ-लीक' येणार हे कळल्यावर लिल जॉनने अशरसाठी त्याच्याच जवळपासचा नवा बीट बनवला. ते 'येआ!'. मग त्याने ते परस्पर डीजेंच्या हातात दिलं आणि कंपनीचा बेत बाजूला पडला. १२ आठवडे पहिला नंबर. 'बर्न' मागाहून आलं, तेही ८ आठवडे टिकलं.

त्याच घराण्यातलं सप्टेंबरमधलं 'गुडीज'. बीट पुन्हा लिल जॉनचा, लेखनात 'येआ!'वालाच शॉन गॅरेट, रॅप करायला खुद्द पीटी पाब्लो. फरक गाणारीत. १८ वर्षांची सिआरा त्याच क्लबमध्ये, त्याच खर्जावर, अगदी हळू आवाजात मुलांना सांगते की मिळणार नाही. वर्षभर मुलग्यांच्या मागण्या ऐकल्यावर ते उत्तर कानावर पडलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. ते ७ आठवडे टिकलं याचा आनंद आजही होतो.

एक गोष्ट लक्षात ठेवून ऐका. तेव्हा ही यादी मुख्यतः रेडिओवर ठरायची. सुट्या गाण्याच्या सीडी दुकानांतून जवळपास नाहीशा झाल्या होत्या आणि विकतचे डाउनलोड मोजायला सुरुवात झाली २००५ च्या फेब्रुवारीत. त्यामुळे १२ आठवडे पहिला नंबर म्हणजे १२ आठवडे प्रत्येक गाडीत, प्रत्येक न्हाव्याच्या दुकानात तेच. आमच्या लॉन्ड्रीत तर कपडे धुऊन वाळेपर्यंत 'येआ!' दोनदा व्हायचं. अपवाद एकच, फँटेजियाचं 'आय बिलीव्ह'. ती 'अमेरिकन आयडल' ही टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा जिंकली आणि लोकांनी सीडी एवढ्या घेतल्या की तिचं पहिलंच गाणं थेट पहिल्या नंबरावर उतरलं. मात्र एकाच आठवड्यासाठी.

बाकीच्यांत 'स्लो मोशन' मनात राहतं. न्यू ऑर्लिन्सचा रॅपर जुव्हेनाइल, त्याच्यासोबत त्यात सोल्जा स्लिम आहे. गाणं ऑगस्टमध्ये पहिलं आलं, पण स्लिमचा खून आदल्या नोव्हेंबरातच झाला होता. स्नूप डॉगचं डिसेंबरमधलं 'ड्रॉप इट लाइक इट्स हॉट' जिभेच्या टकटकीवर उभं आहे, तेही सोडू नका. याच १२ मधलं 'लीन बॅक' मला कधीच फारसं भिडलं नाही.

ऐकताना 'येआ!'च्या आधी 'फ्रीक-अ-लीक' लावा (ते सातव्या नंबरपर्यंतच पोचलं) आणि लगेच नंतर 'गुडीज'. तिन्ही सलग ऐकलीत की नातं आपोआप कळेल. फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, ८०८ चा खर्ज त्यातून येतच नाही. गाडीतली सिस्टीम सगळ्यात उत्तम, नाहीतर बरे हेडफोन घ्या.