सोलापूरहून लंडन: एमए करावं की थेट व्हिसा?

तुमचा प्रश्न असा: सोलापुरात विडी कामगार बायकांसोबत प्रदर्शनं करता, आता लंडनला यायचंय, तर आधी क्युरेटिंगचं, म्हणजे प्रदर्शनं रचण्याचं, एमए करावं की सरळ व्हिसाला अर्ज? मीही सोलापूरच्या पूर्व भागातलीच. इथे स्वतंत्र क्युरेटर म्हणून पोट भरते, म्हणून सविस्तर लिहिते.

एमए करायचं तर करा, पण कन्सल्टंट जे सांगत नाहीत ते आधी ऐका. स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगाराला बंदी आहे, आणि आपलं काम सगळं त्याच प्रकारचं. गॅलरी मानधन द्यायला तयार असली तरी बिल करता येत नाही. सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास नोकरी, बस. शिक्षण संपल्यावरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर स्वयंरोजगाराची मुभा मिळते, पण 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना तो 18 महिन्यांचाच. मग नोकरीचा व्हिसा घ्यायचा तर सर्वसाधारण किमान पगार 41,700 पौंड. असिस्टंट क्युरेटरला एवढा कोण देतो?

त्यापेक्षा ग्लोबल टॅलेंट व्हिसा बघा. कलेसाठी शिफारस आर्ट्स कौन्सिल इंग्लंड करते. मालक लागत नाही, स्वतंत्र काम चालतं. तीन शिफारसपत्रं लागतात. त्यातली दोन नावाजलेल्या कलासंस्थांची, आणि किमान एक संस्था ब्रिटनमधली. शिवाय गेल्या पाच वर्षांतले जास्तीत जास्त दहा पुरावे. खर्च मात्र दणकून: 2025 मध्ये फी 766 पौंड होती, वर आरोग्य अधिभार वर्षाला 1,035 पौंड. तो सगळा आधीच भरायचा. पाच वर्षांचा व्हिसा मागितलात तर हिशेब करा.

पुराव्यांत माणसं फसतात. सुपात तेंदूची पानं, पत्र्याचा साचा, कात्री, हा फोटो देखणा येतो; पण त्यातून तुम्ही काय केलंत ते कळत नाही. क्युरेटर म्हणून तुमचं नाव असलेली पत्रिका, परीक्षण, निमंत्रणाचा ईमेल, मानधनाचं पत्र, हे जपा. मराठी, तेलुगू कात्रणांची भाषांतरं करून घ्या.

संदर्भही द्यावा लागतो. सोलापूरजवळच्या कुंभारीत कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगार बायकांसाठी 10,000 घरं उभी राहिली, हे लंडनच्या परीक्षकाला कसं ठाऊक असणार? दोन ओळी लिहा. अमेरिकन कलाकार सुझान लेसींनी 1987 मध्ये मिनियापोलिसला साठीपुढच्या 430 बायकांना घेऊन ‘द क्रिस्टल क्विल्ट’ हे सादरीकरण केलं, ते इथल्या क्युरेटरना पाठ असतं. पण तुलना तिथेच संपवू नका. बस्तरमध्ये आदिवासी कलाकारांबरोबर हातपंपांच्या जागा घडवणाऱ्या कलाकार नवजोत अल्ताफ तुम्हाला जास्त जवळच्या. आपल्याकडचं नाव सांगायला लाजू नका, इथल्या कित्येकांना ते पहिल्यांदाच कळेल.

आता पैसा. विडीला हजारी दर, म्हणजे हजार विड्यांमागे मजुरी, तसा आपल्याला प्रदर्शनामागे दर, आणि मधले महिने कोरडे. मी लिहिण्याचं आणि शिकवण्याचं काम धरलं, त्यावर घरभाडं निघतं. लंडनचा हट्टही कशाला? लोकांसोबतचं काम लिव्हरपूलमध्ये जोरात आहे. ग्रॅन्बी भागातल्या पडक्या घरांवरच्या कामाला 2015 मध्ये टर्नर हा ब्रिटनचा मोठा कलापुरस्कार मिळाला, तोही असेम्बल या वास्तुरचनेत काम करणाऱ्या गटाला.

आणखी एक, तेवढंच महत्त्वाचं. तुमच्या कामातल्या बायकांना मानधन दिलं का, त्यांची नावं भिंतीवर होती का, हे इथल्या संस्था कामाच्या मुलाखतीत विचारतात. दिलं असेल तर पावत्या काढून ठेवा. नसेल तर पुढच्या प्रदर्शनाच्या बजेटमध्ये ती ओळ सगळ्यात वर टाका, मगच संस्थांकडे पत्रं मागा.