राजीनाम्याआधी एक हंगाम

प्रश्न : ताई, माझे वय ३३ आहे. मी पिंपरी-चिंचवडला राहतो आणि चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात अभियंता आहे. दरमहा ४२ हजार रुपये हाती पडतात. महाविद्यालयापासून फोटोग्राफीचा नाद आहे. रविवारी भिगवणला पक्षी टिपायला जातो. नातेवाइकांची आणि मित्रांची मिळून सहा लग्ने केली; पैसे फक्त एकाकडून घेतले. इन्स्टाग्रामवर १४ हजार लोक माझे फोटो पाहतात आणि 'नोकरीत कशाला अडकलास' असे विचारतात. वर्षभरापूर्वी नवे साहेब आले आणि तेव्हापासून कंपनीत पाय ठेवावासा वाटत नाही. भविष्य निर्वाह निधीतले पैसे आणि थोडे कर्ज मिळून आठ लाखांचे सामान घ्यायचे आणि दिवाळीनंतर राजीनामा द्यायचा, असे मनात आहे. वडील एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झाले. ते म्हणतात, 'फोटो काढणे हा काय पोट भरायचा धंदा झाला?' मुलगी तीन वर्षांची आहे. मी व्यावसायिक फोटोग्राफर व्हावे का? – एक वाचक

उत्तर : तुमचे मूळ पत्र बरेच मोठे आहे, वर त्याचा गोषवारा छापला आहे. ते पूर्ण वाचताना प्रथम लक्षात आले ते असे की, निम्म्याहून अधिक पत्र नव्या साहेबांविषयी आहे. सकाळच्या बैठकीतला अपमान, नाकारलेली रजा, दुसऱ्याच्या नावावर गेलेले काम, हे सारे तुम्ही तपशिलाने लिहिले आहे. फोटोग्राफीविषयी मात्र तुम्ही जे लिहिता ते भिगवणच्या पहाटेविषयी आणि रोहित पक्ष्यांविषयी. ज्या व्यवसायात तुम्ही उतरू पाहता, त्या लग्नाच्या फोटोग्राफीबद्दल पत्रात जेमतेम तीन ओळी आहेत, आणि त्याही सामानाच्या किमतीविषयी. म्हणून तुमच्यापुढे एक नव्हे, तर दोन प्रश्न आहेत असे मला वाटते. साहेबांच्या जाचातून सुटावे कसे हा पहिला, आणि छायाचित्रणावर घर चालवावे का हा दुसरा. पहिल्याचे उत्तर चाकण, रांजणगाव, तळेगाव या पट्ट्यात दुसरी नोकरी शोधणे हेही असू शकते, आणि नऊ-दहा वर्षांच्या अनुभवाच्या गुणवत्ता अभियंत्याला ते अशक्य नाही. झोप उडाली आहे असेही तुम्ही लिहिले आहे, तेव्हा बदलीसाठी अर्ज किंवा नव्या नोकरीचा शोध आजच सुरू करा. त्याचा कॅमेऱ्याशी संबंध जोडू नका. दुसऱ्या प्रश्नाला घाईने उत्तर देऊ नये.

भिगवणविषयी आधी बोलते, कारण तुमचा जीव तिथे आहे. उजनीच्या जलाशयावर टिपलेल्या रोहित पक्ष्यांच्या फोटोला हजारो लोक दाद देतील, पण तो विकत घेणारा माणूस शोधून सापडणार नाही. आपल्याकडे वन्यजीव छायाचित्रणावर जगणारे जे थोडे लोक आहेत, त्यांतले बहुतेक जण फोटो विकून जगत नाहीत. ते सहली नेतात, कार्यशाळा घेतात, हौशी लोकांना जंगलात योग्य जागी योग्य वेळी उभे करतात. तो प्रवासी संस्थेसारखा व्यवसाय आहे आणि त्यात स्वतःला फोटो काढायला फारच थोडी सवड मिळते. तेव्हा तुमच्या वाट्याला पक्षी नव्हे, लग्ने येणार, हे गृहीत धरा. आणि मग हंगामातल्या रविवारी तुम्ही भिगवणला नसाल, एखाद्या मंगल कार्यालयात उभे असाल.

लग्नाचे काम कमी प्रतीचे आहे असे मी मुळीच म्हणत नाही. उलट ते पक्ष्यांपेक्षा कठीण आहे. पक्षी आज हुकला तर पुढच्या रविवारी जाता येते. शेवटचे मंगलाष्टक संपते, अंतरपाट दूर होतो, वाजंत्री सुरू होते, अक्षता पडतात आणि वधूवर हार घालतात, हे सारे अर्ध्या मिनिटात उरकते. त्याच क्षणी मामा, करवल्या आणि मोबाइल उंचावलेले चार उत्साही पाहुणे तुमच्या आणि त्यांच्या मध्ये येतात. कार्यालयात पिवळे दिवे, वर रंग बदलणारे एलईडी आणि मागून व्हिडिओवाल्याचा झोत, असा तिहेरी प्रकाश असतो. त्यातून वधूचा चेहरा नीट रंगात काढायचा, आणि नंतर काकूंनी 'आमचा एकही फोटो नाही' म्हटले तर हसून ऐकून घ्यायचे. नातेवाइकांच्या लग्नात तुम्ही हे केले, पण तिथे चूक झाली असती तरी कोणी पैसे परत मागितले नसते. तुमच्या सहा लग्नांपैकी एकच लग्न या दृष्टीने मोजण्यासारखे आहे, आणि त्याविषयी तुम्ही काहीच लिहिलेले नाही. त्या ग्राहकाने उरलेली रक्कम वेळेवर दिली का, अल्बमची निवड करायला त्याने किती महिने लावले, कितीदा बदल सांगितले, हे वाचायला मला आवडले असते. इन्स्टाग्रामवरच्या १४ हजारांची स्तुती खोटी नसते, पण ती फुकट असते.

आता हिशेब मांडू. आकडे मी अंदाजाने धरते. तुम्ही आपल्या भागातले खरे दर विचारून ते बदला. हळद आणि लग्न असे दोन दिवसांचे काम तुम्ही ६० हजारांना घेतले असे समजू. दुसरा फोटोग्राफर, व्हिडिओवाला, संकलन, अल्बमची छपाई आणि प्रवास यांत निम्मे गेले, तर हाती ३० हजार राहतात. तुमचा आजचा पगार वर्षाला ५ लाख ४ हजार होतो. आठ लाखांचे सामान पाच वर्षे चालेल असे धरले, तर त्याची झीज वर्षाला १ लाख ६० हजार. कर्जाचे व्याज, दुरुस्ती आणि आज कंपनी देत असलेला, उद्या स्वतः भरावा लागणारा आरोग्य विमा यांसाठी ६० हजार धरा. बेरीज ७ लाख २४ हजार होते. म्हणजे आज आहात तिथेच राहण्यासाठी वर्षाला चोवीस-पंचवीस लग्ने हवीत. भविष्य निर्वाह निधीतला कंपनीचा हिस्सा यात मी धरलेलाच नाही.

पंचवीस हा आकडा ऐकायला मोठा वाटत नाही, पण लग्ने वर्षभर सारखी पसरलेली नसतात. तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू होतो आणि आषाढात चातुर्मास लागला की तो थांबतो. मध्ये गुरू किंवा शुक्राचा अस्त आला, अधिक महिना आला, की तारखा आणखी आटतात. उरलेल्या मुहूर्तांवर सगळ्या गावाची लग्ने एकाच दिवशी असतात. त्या दिवशी तुम्हाला चार जण विचारतील आणि पुढचे तीन आठवडे कोणीही नाही. एका लग्नात तीन हजार फोटो निघणे ही नेहमीची गोष्ट आहे, म्हणजे वर्षाला पाऊण लाख. बऱ्याच डीएसएलआर कॅमेऱ्यांचे शटर, म्हणजे प्रत्येक फोटोला उघडझाप करणारा पडदा, एक ते दोन लाख फोटोंसाठी बनवलेले असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. झिजणाऱ्या यंत्राची तारीख गुणवत्ता विभागाच्या माणसाला माझ्यापेक्षा चांगली कळते. म्हणूनच घरच्या हिशेबात तुम्ही झीज धरली नाहीत याचे मला नवल वाटले.

या अडचणी सांगितल्या म्हणजे माझे उत्तर 'नको' असे आहे, असे समजू नका. राजीनामा आणि व्यवसाय यांचा क्रम तुम्ही उलटा लावला आहे, एवढेच माझे म्हणणे आहे. एकोणिसाव्या शतकातले नामवंत छायाचित्रकार राजा दीनदयाळ हे इंदूरच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला होते. १८७४ च्या सुमारास त्यांनी कॅमेरा हाती घेतला, वर्षानुवर्षे नोकरी सांभाळून काम केले, मग लांबची रजा घेतली आणि त्यानंतरच नोकरी सोडली. गौतम राजाध्यक्ष रसायनशास्त्राचे पदवीधर. १९७४ साली ते लिंटास या जाहिरात संस्थेत लागले, नोकरीत असतानाच चित्रपट कलावंतांची व्यक्तिचित्रे टिपू लागले आणि १९८७ मध्ये पूर्ण वेळ छायाचित्रणाकडे वळले. तोवर त्यांचे नाव झालेले होते. या दोघांची प्रतिभा बाजूला ठेवू. पण घाई दोघांनीही केली नाही.

म्हणून तुम्ही येता एक हंगाम, तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत, नोकरीत राहून अनोळखी लोकांची कामे घ्या. नातेवाईक आणि मित्र यांत मोजायचे नाहीत. पूर्ण दराने, आगाऊ रक्कम घेऊन, लेखी करार करून आठ-दहा कामे करा; शनिवार-रविवारचे मुहूर्त आणि उरलेल्या रजा यांत ती बसतात. तुमच्या नियुक्तिपत्रात बाहेरचे सशुल्क काम करण्यावर बंदी आहे का, हे आधी वाचा, आणि असल्यास मनुष्यबळ विभागाची लेखी परवानगी घ्या. साहेब नाराज असताना त्यांच्या हाती हे निमित्त देऊ नका. आठ लाखांचे सामान आत्ता घेऊ नका. पुण्यात कॅमेरे आणि लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. लांबून चेहरे टिपणारी ७०-२०० ची लेन्स दोन दिवसांसाठी भाड्याने आणा आणि ते भाडे ग्राहकाच्या पैशातून वसूल होते का ते पाहा. मात्र दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवणारा कॅमेरा आणि जोडीला दुसरा राखीव कॅमेरा यांशिवाय कोणाच्याही लग्नाला उभे राहू नका. घरी आल्यावर झोपण्यापूर्वी तीन प्रती झाल्या पाहिजेत आणि त्यांतली एक घराबाहेर गेली पाहिजे. (ड्रोनचा मोह तूर्त टाळा. २०२१ च्या नियमांनुसार २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायला वैमानिक प्रमाणपत्र लागते, आणि पुण्यात लोहगावचा विमानतळ आहे.)

करार साधा, एका पानाचा असला तरी चालेल, पण त्यात एक कलम विसरू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७व्या कलमानुसार, एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काढायला सांगणारा ग्राहक असतो, काढणारा नव्हे. तुम्ही तो फोटो आपल्या इन्स्टाग्रामवर टाकू शकता की नाही, हे म्हणूनच आधी लिहून घ्यावे लागते. जीएसटीची काळजी आत्ता नको. सेवा व्यवसायाला वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेल्यावर नोंदणी लागते आणि वरच्या हिशेबातली पंचवीस लग्ने १५ लाखांतच संपतात.

आणखी एक सुचवते, आणि मला वाटते तुमच्यासाठी हेच अधिक मोलाचे आहे. तुम्ही लग्नाचाच विचार का करता? पुण्यात लग्नाचे फोटो काढणारे उदंड आहेत. पण घासून तयार केलेल्या पोलादी भागावर प्रकाश कसा पडला म्हणजे त्याचा पृष्ठभाग दिसेल, कोणती बाजू महत्त्वाची, चालू यंत्राजवळ कोठे उभे राहायचे नाही, हे जाणणारे फोटोग्राफर मोजकेच असणार. मित्तर बेदी (१९२६–१९८५) यांनी मुंबईत राहून भारतातल्या औद्योगिक छायाचित्रणाचा पाया घातला. कारखाना हाही पाहण्यासारखा विषय आहे, हे त्यांनी दाखवून दिले. भोसरीपासून चाकणपर्यंतच्या लहान कारखानदारांना आज संकेतस्थळ, माहितीपुस्तिका आणि प्रदर्शनातले दालन यांसाठी फोटो लागतात आणि बरेचदा ते मोबाइलवर भागवतात. हे काम मुहूर्तावर चालत नाही, आणि रविवार तुमचा राहतो. पैसे उशिरा येतात ही खरी अडचण आहे. पण लहान उद्योगांसाठीची, विनाशुल्क होणारी सरकारी 'उद्यम' नोंदणी केलीत, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याने खरेदीदाराला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि पुढे चढ्या दराने व्याज लागते. ग्राहकाला कायदा दाखवायची वेळ सहसा येत नाही. देयकावर उद्यम क्रमांक छापलेला असला तरी फरक पडतो. एकच पथ्य पाळा. स्वतःच्या कंपनीचे, तिच्या ग्राहकांचे आणि तिच्या स्पर्धकांचे काम नोकरीत असेपर्यंत घेऊ नका. हंगामातल्या आठ-दहा कामांपैकी तीन-चार अशी असू द्या आणि कोणत्या कामानंतर तुम्ही अधिक ताजेतवाने घरी आलात, ते स्वतःच पाहा.

तुमच्या मोठ्या पत्रात एक व्यक्ती कोठेच नाही. वडील आहेत, साहेब आहेत, मुलगी आहे, १४ हजार अनोळखी लोक आहेत. पत्नीचे म्हणणे नाही. त्यांना माहीत नसेल, तर भविष्य निर्वाह निधीच्या अर्जावर सही करण्याआधी सांगितलेच पाहिजे. माहीत असून त्या गप्प असतील, तर ती संमती समजू नका. हंगामातले शनिवार-रविवार तुम्ही घरी नसाल, तेव्हा तीन वर्षांच्या मुलीला सांभाळणार त्या. त्यांची स्वतःची नोकरी आहे की नाही, हेही मला पत्रातून कळले नाही, आणि वरचा सगळा हिशेब त्यावर बदलतो. त्यांच्यासोबत बसून एकच आकडा ठरवा. घरखर्चाचे किती महिने बँकेत असल्यावर राजीनामा द्यायचा? मी बारा म्हणेन. त्या अठरा म्हणाल्या तर अठरा धरा. भविष्य निर्वाह निधीला मात्र हात लावू नका.

वडिलांशी आत्ता वाद नको. एसटीच्या कार्यशाळेत आयुष्य काढलेल्या माणसाला दरमहा ठरलेल्या तारखेला आलेल्या पगाराची किंमत ठाऊक असते आणि त्यांची शंका अडाणीपणाची नाही. त्यांना फोटो दाखवून पटणार नाही. पहिल्या कामापासून एक वही घाला, त्यात ठरलेली रक्कम, आलेली रक्कम, खर्च आणि लागलेले दिवस लिहा, आणि जूनअखेर ती त्यांच्यापुढे ठेवा. थकलेली बाकीही त्यात लिहिलेली असू द्या.