फिरत्या रिंगवरचा मणी: ऊर्जा बदलते, मग टिकतं काय?

तुमचा प्रश्न असा: उभी रिंग मोटरने एकसारख्या वेगाने उभ्या अक्षाभोवती फिरते आणि तिच्यावर मणी घर्षणाशिवाय सरकतो. लॅग्रांजियनमध्ये, म्हणजे गतिज ऊर्जा वजा स्थितिज ऊर्जा या राशीत, काळ उघड कुठेच येत नाही, म्हणजे ऊर्जा अक्षय्य हवी. मग मोटर मण्याला ऊर्जा देते ती कुठे गेली?

तुमचं गणित बरोबर आहे, फक्त जे टिकतं त्याला ऊर्जा म्हणू नका. काळ उघड नसला की अक्षय्य राहते ती राशी म्हणजे वेग गुणिले संवेग, वजा लॅग्रांजियन. नेहमीच्या उदाहरणांत ती एकूण ऊर्जेइतकीच निघते, म्हणून दोन्ही एकच आहेत असं डोक्यात बसतं. इथे मात्र गतिज ऊर्जेत रिंगच्या फिरण्याचं एक पद आहे आणि त्यात मण्याचा सरकण्याचा वेग येतच नाही. वजाबाकीत त्या पदाचं चिन्ह उलटतं, आणि दोन राशींत त्याच्या दुपटीचा फरक पडतो.

आकडे घालून बघा. मणी १० ग्रॅम, त्रिज्या २० सेंमी, रिंगचा फिरण्याचा वेग, म्हणजे ओमेगा, सेकंदाला १० रेडियन. खालच्या टोकापासून ३० अंशांवरच्या मण्याला हलका धक्का दिला आणि तो ९० अंशांपर्यंत चढला. एकूण ऊर्जा बरोबर ०.०३ जूलने वाढते. आता उभ्या अक्षाभोवतीचा कोनीय संवेग काढा, त्यातली वाढ ओमेगाने गुणा: तेच ०.०३. मोटरचा पूर्ण हिशेब या एका गुणाकारात बसतो. म्हणून ऊर्जा वजा ओमेगा गुणिले कोनीय संवेग, ही राशी हलत नाही.

हीच का? मला या उदाहरणातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हे. नुसता काळ पुढे सरकवला तर रिंग दुसऱ्याच दिशेला दिसते. नुसतं सगळं फिरवलं तरी तेच. पण काळ थोडा पुढे सरकवून त्याच हिशेबाने कोनही फिरवला, तर रिंग रिंगवरच बसते. सुट्या दोन्ही सममिती मोटरने मोडल्या, त्यांची जोडी शिल्लक राहिली. एमी नोएथर यांचा १९१८ चा सिद्धांत सांगतो की अशा प्रत्येक सलग सममितीमागे एक अक्षय्य राशी असते; तो अशा जोडीलाही तितकाच लागू आहे, आणि जोडीची अक्षय्य राशी वरचीच निघते.

मोटरच्या जागी सूर्याभोवती फिरणारा गुरू ठेवा, त्याची कक्षा वर्तुळ धरा, की हीच राशी याकोबीचा स्थिरांक होते. ६७पी धूमकेतू १९५९ साली गुरूजवळून गेला आणि त्याचं सूर्यापासूनचं किमान अंतर सुमारे २.७ खगोलीय एककांवरून (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य सरासरी अंतर) १.३ वर आलं. कक्षा इतकी बदलली, ऊर्जाही बदलली. हा स्थिरांक मात्र जवळपास तोच राहिला. अशा भेटीनंतर जुना धूमकेतू ओळखायला तो म्हणूनच कामी येतो.

आता मोटर काढून रिंग मोकळी सोडा, फिरण्याचा कोनही निर्देशक धरा आणि लॅग्रांजियन पुन्हा मांडा. ऊर्जा आणि कोनीय संवेग, दोन्ही वेगवेगळे अक्षय्य निघतील. अडलात तर तुमची ओळ इथेच लिहा, मी बघतो.