वाचकांचे प्रश्न: निऑन पाटीचा लाल रंग जातो कुठे?

प्रश्न: जुन्या थिएटरांच्या निऑन पाट्यांचे फोटो काढायचा नाद लागलाय. पण डोळ्यांना जी पाटी मस्त केशरी-लाल दिसते ती फोटोत फिक्कट गुलाबी येते, आकाश काळंकुट्ट, आणि कधी कधी तर अर्धी अक्षरं मंद, वर आडवे पट्टे. कॅमेऱ्यात काही बिघाड असेल का?

उत्तर: कॅमेरा ठणठणीत आहे हो, तुम्ही उशिरा जाताय आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, ऑटोवर सोडताय एवढंच. काळोखात कॅमेऱ्याला फ्रेममध्ये बहुतेक काळंच दिसतं, मग तो एक्स्पोजर वाढवतो आणि फोटोत पाटीची ट्यूब जळून पांढरट होते. त्यात निऑन वायूचा उजेड जवळपास सगळा लाल-केशरी पट्ट्यातला, त्यामुळे लाल चॅनेल, म्हणजे फोटोतल्या लाल रंगाची नोंद, आधी भरतो आणि रंग धुतल्यासारखा होतो. साधा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) बघून हे कळत नाही, लाल चॅनेलचा वेगळा बघा, एक्स्पोजर एक-दोन स्टॉप कमी करा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा. आणि सूर्य मावळल्यावर साधारण वीस-तीस मिनिटांनी, आकाश गडद निळं असताना काढा, तेव्हा इमारतीचं नक्षीकामही दिसतं. तेवढ्या वेळात पाटी लावतात का हे मात्र थिएटरवाल्यांनाच आधी विचारून ठेवा, नाहीतर निळं आकाश आहे आणि पाटी बंद!

पट्ट्यांचं कारण वेगळं. ट्यूब एसी करंटवर चालते, ५० हर्ट्झ असेल तर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, ६० असेल तर १२०. आपल्याला ते जाणवत नाही पण १/५०० सेकंदाचा शटर ते बरोब्बर पकडतो. शटर १/५० किंवा १/६० सेकंद किंवा त्याहून संथच ठेवा, ट्रायपॉड लावा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ ८. कडेने पळणारे दिवे असतील तर शटर दोन सेकंद उघडा ठेवला की सगळे पेटलेले येतात, पळतानाचा एकच क्षण हवा असेल तर १/३० करा. उभी पाटी असेल तर खालून वर कॅमेरा करू नका, ती मागे कलंडते, समोरच्या फुटपाथवरून ७० ते १३५ मिमीची लेन्स लावा.

कडक थंडीत निळी-हिरवी अक्षरं मलूल दिसली तर घाबरू नका, त्यांत निऑनऐवजी बहुतेक आर्गॉन वायू नि पारा असतो आणि पारा गारठला की उजेड पडतो कमी, लाल अक्षरांना मात्र काही होत नाही.

प्रश्न: फोनवर जमेल का? आणि पाटी खरी निऑन आहे की एलईडी, ते कसं ओळखायचं?

उत्तर: जमेल की. नाइट मोड बंद करा, तो बऱ्याच फ्रेम एकत्र करतो आणि पळत्या दिव्यांचा पार गोंधळ घालतो. ट्यूबवर बोट दाबून फोकस लॉक करा, उजेड खाली ओढा, बस. ओळखायचं असेल तर दिवसा जा, खऱ्या पाटीत काचेची नळी वाकवलेली दिसते आणि दोन अक्षरांमधला जोड काळ्या रंगाने झाकलेला असतो. तोही फोटो काढा, मला तर रात्रीपेक्षा तोच जास्त आवडतो, उडालेला रंग, गंज, सगळं येतं त्यात. फक्त बघायला म्हणून वर चढू नका, ट्रान्सफॉर्मर हजारो व्होल्टचा असतो.