सहावीतल्या मुलाला लग्नपत्रिका वाचता येत नाही, म्हणजे शाळा बिघडल्या का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पुण्यात असता, गाव बेळगावजवळ. लग्नाला गावी आलात, सहावीतल्या पुतण्याच्या हातात पत्रिका दिली, तर नवरा-नवरीच्या नावापुढे त्याला सरकता येईना. 'आमच्या वेळी चौथीतलं पोर आज्जाला पेपर वाचून दाखवायचं. शाळांचा दर्जा इतका घसरलाय का? आणि सीमाभागात जास्तच घसरलाय का?'

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांमध्ये एकतीस वर्षं शिकवलं. २०२३ ला निवृत्त झाले. हा प्रश्न मला गावात आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो, आणि दर वेळी मी आधी 'आमच्या वेळी' या शब्दांपाशी थांबते.

माझी पहिली १९६९ ची. बाईंच्या हजेरीत पन्नासच्या वर नावं होती. सातवीत आम्ही सतरा उरलो, त्यात मुली चार. बाकीची कुठं गेली? काही गुरांमागं, काही मोठ्या भावासोबत गोव्याला कामाला, मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला. माझ्या शेजारी पाटी घेऊन बसणारी मैत्रीण दुसरीत दोनदा नापास झाली आणि तिच्या आईनं तिला भाताच्या लावणीला नेलं ते कायमचं. तिला आजही सही येत नाही, अंगठाच लागतो. आम्ही सतरा जण खडाखडा वाचायचो हे खरं, पण आमच्यावरून त्या वर्गाचा दर्जा ठरवायचा तर तिला मोजायचं कुठं? 'जुनी सातवी' शिकलेला माणूस मास्तर व्हायचा हेही खरंच, मात्र १९५१ च्या जनगणनेत देशातले शंभरातले अठराच साक्षर होते. २०११ ला एकट्या बेळगाव जिल्ह्यात ते प्रमाण ७३ च्या आसपास आलं. तेव्हा ज्याला येत नव्हतं तो शाळेबाहेर असायचा, कुणाच्या डोळ्यावर यायचा नाही. आज तो वर्गात असतो आणि लग्नात आपण त्याच्या हातात पत्रिका देतो.

म्हणून सगळं ठीक आहे असं मात्र मी म्हणणार नाही. ठीक नाहीच.

'प्रथम' संस्थेचा 'असर' नावाचा अहवाल २००५ पासून निघतो. खेड्यात घरोघर जाऊन एकेका मुलाला जवळ बसवून वाचायला देतात: आधी अक्षरं, मग शब्द, मग पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. ती गोष्ट वाचू शकणारी पाचवीतली मुलं देशभरात २००८ ला शंभरात ५६ च्या आसपास होती. २०१८ ला ५०.५, २०२२ ला ४२.८, आणि २०२४ ला पुन्हा ४८.८. घसरण आहे, मधला खड्डा कोरोनाचा आहे, आणि त्यातून वर येणंही आहे. तरी पाचवीतल्या निम्म्या मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येत नाही, हे वाक्य मी कितीही वेळा वाचलं तरी पोटात कालवतं. ही मुलं मी पाहिलेली आहेत.

आता तुमच्या पुतण्याचा हिशेब करू. यंदा, म्हणजे २०२५-२६ ला, तो सहावीत असेल तर पहिलीत नाव घातलं २०२० च्या जूनमध्ये. शाळा मार्चपासूनच बंद होत्या. कर्नाटकात पहिली ते पाचवीचे वर्ग परत भरले ते २५ ऑक्टोबर २०२१ ला. म्हणजे पोरानं पहिलीचा वर्ग पाहिलाच नाही, दुसरीचेही निम्मे दिवस गेले होते. मधे 'विद्यागम' म्हणून देवळाच्या ओट्यावर, झाडाखाली आम्ही मुलं जमवली, तेही थोड्या महिन्यांत थांबवावं लागलं. मोबाईलवरच्या शिकवणीचं तर बोलायलाच नको. आमच्या तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडं रेंजसाठी माळ चढून जावं लागायचं आणि घरातला एकुलता फोन बापाबरोबर गोव्यात. शाळा उघडली त्या दिवशी त्या मुलांच्या हातात पुस्तक आलं ते दुसरीचं. 'क'ला काना 'का' हे कुणी शिकवलं नव्हतं आणि समोर जोडाक्षरांचा धडा.

मूळ दुखणं मला इथंच दिसतं, आणि ते कोरोनाच्या आधीचंही आहे. पुस्तक पुढं जातं, मूल मागं राहतं, आणि परत मागं जाऊन त्याला घेऊन यायला कुणाला सवड नसते. वर्षाअखेर पोर्शन संपला का, एवढंच वरून विचारलं जातं. मीही हे केलंय. पाचवीच्या वर्गात मागं बसलेल्या पाचसहा जणांना वाचता येत नाही हे मला ठाऊक होतं आणि मी धडा पुढं रेटला, एक वर्ष नाही, बरीच वर्षं. ती मुलं आता बाप झालीत. वाटेत भेटली की 'बाई' म्हणून वाकून नमस्कार करतात. मला वर बघवत नाही.

एक मुलगी सांगते. सातवीतली. वही बघाल तर मोत्यासारखं अक्षर, एक काना-मात्रा चुकलेली नाही. मी नव्यानं त्या शाळेत आले होते, वही बघून हरखले. तिनं कविता धडाधडा 'वाचून'ही दाखवली. मग मी त्याच कवितेच्या मधल्या एका शब्दावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय लिहिलंय? ती गप्प. थोड्या वेळानं तिचे ओठ हलायला लागले. पहिल्या ओळीपासून मनात म्हणत म्हणत, बोट सरकवत ती त्या शब्दापर्यंत आली आणि मग मोठ्यानं म्हणाली, 'श्रावण.' सात वर्षं ती पोर फळ्यावरचं चित्र काढावं तसं उतरवत होती आणि ऐकलेलं पाठ करत होती. केवढी हुशारी लागते त्याला! आणि सात वर्षं सगळे तिच्या वहीवर बरोबरची खूण करत आले होते.

सीमाभागाचं वेगळं काय, तर इथं लहान मुलाच्या डोक्यावर एकदम तीन लिप्या येतात. मराठी घरची, इंग्रजी पहिलीपासून, आणि २०१५ च्या कायद्यानंतर कन्नडही सगळ्या शाळांत पहिलीपासून सक्तीची, टप्प्याटप्प्यानं २०१७-१८ पासून. कन्नड शिकण्याला माझा अजिबात विरोध नाही. मी स्वतः शिकले, माझी मुलं शिकली. तहसील, बस, दवाखाना, सगळीकडं ती लागते, आणि शेजाऱ्याची भाषा येणं चांगलंच. माझं म्हणणं फक्त क्रमाबद्दल आहे. एक लिपी हाताला बसली, अक्षर म्हणजे आवाज ही गोष्ट मुलाला एकदा उमगली, की दुसरी लिपी झपाट्यानं येते. ती उमगायच्या आधीच तीन सुरू केल्या तर तिन्ही अर्ध्या राहतात. कन्नडला ऱ्हस्व 'ए' वेगळा, दीर्घ 'ए' वेगळा, मराठीत एकच. कन्नडचे प, व, म नवख्या मोठ्या माणसालाही एकसारखे वाटतात. सहा वर्षांच्या पोराचं काय होत असेल?

आकड्यांचीही तीच गत. मराठीत पंचवीस म्हणताना आधी पाच ऐकू येतात, मग वीस. म्हणून पोर ५२ लिहितं. एकोणतीस म्हटलं तर त्यात ना नऊ ऐकू येतात ना वीस. कन्नडमध्ये तोच आकडा 'इप्पत्तोंबत्तु', सरळ वीस-नऊ. बाजारात आईबरोबर गेलेल्या मुलाच्या कानावर दोन्ही पडतात. २०१९ ला बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचनही दिलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला, मराठी बुडाली म्हणून. मला त्यात बुडण्यासारखं काही दिसलं नाही. इथल्या वर्गात मी आधीपासून 'वीस आणि नऊ, म्हणजे एकोणतीस' असंच म्हणवून घ्यायची. पोरं कन्नड पद्धतीनं समजायची आणि मराठी नाव लक्षात ठेवायची. दोन भाषांचा असा फायदाही होतो, घेतला तर.

पण घ्यायला शिक्षक हवा. मराठी शाळांतला पट घटतोय; ज्याला झेपतं तो इंग्रजी माध्यमात घालतो. तिथं मूल इंग्रजी धडा घडाघडा म्हणतं, अर्थ विचारला की आईकडं बघतं, आणि मराठी तर शिकवलेलीच नसते. पट घटला की पदं घटतात, रिकामी जागा अतिथी शिक्षकावर भागवतात, तो मार्चमध्ये जातो आणि जूनमध्ये दुसरा येतो की नाही देव जाणे. पहिली ते पाचवी एकच शिक्षक, त्यालाच दूध, भात, अंडी, शिष्यवृत्तीची माहिती, मीटिंगा. माझ्या माहितीतल्या एका मराठी शाळेवर दोन वर्षं असे शिक्षक होते ज्यांना मराठी वाचता येत नव्हतं. माणूस चांगला होता, मुलांवर जीव होता, पण पहिलीच्या पोराला बाराखडी कोण शिकवणार? रस्त्यानं महाराष्ट्राच्या हद्दीवरचं शिनोळी ओलांडलं की बालभारतीची पुस्तकं आणि मराठी प्रशिक्षण. इकडं आम्हाला प्रशिक्षणही कन्नडमधून आणि परिपत्रकंही. मराठी पुस्तकं कर्नाटक सरकार छापतं, हे मान्य केलंच पाहिजे. शिकवणाऱ्याला मराठीतून कुणी काही सांगत नाही, ही खंत आहे.

निकालावरून दर्जा ओळखू नका, एवढं मात्र आवर्जून सांगते. एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीचा, निकाल २०२३ ला ८३.८९ टक्के होता. २०२४ ला परीक्षा हॉलमध्ये कॅमेरे लावून वेबकास्टिंग केलं, तर ७३.४० वर आला, तोसुद्धा ग्रेस गुण दहावरून वीस टक्के केल्यावर. एका वर्षात मुलं बिघडली नाहीत. आधी जे झाकलेलं होतं ते दिसलं.

निवृत्तीनंतर मी आमच्या देवळाच्या सभामंडपात संध्याकाळी मुलं घेऊन बसते. पहिल्या दिवशी तिसरी ते सातवीची अकरा आली. इयत्ता विचारली नाही, प्रत्येकाला वाचायला दिलं आणि कुठं अडतंय ते पाहिलं. अक्षरवाली एकत्र, शब्दवाली एकत्र. सातवीचा मुलगा तिसरीतल्या पोरीशेजारी बसला, लाजला, पण बसला. ही पद्धत माझी नाही, 'प्रथम'वाल्यांनी अनेक राज्यांत वापरलेली आहे. मी फक्त रोज प्रत्येकाकडून पाच मिनिटं मोठ्यानं वाचून घेते. पेपरातले मथळे, बिस्किटाच्या पुड्यावरचं, गणपतीच्या वर्गणीची पावती, काहीही. अकरापैकी आठ जण तीन महिन्यांत गोष्ट वाचायला लागले. दोघांना वर्ष लागलं. एकाला अजून जमत नाही. त्याचे डोळे बेळगावला दाखवून आणलेत, चष्मा लागला आहे.

तुमच्या पुतण्याचं असं करा. त्याला पत्रिकेवरून बोलू नका, ते त्याच्या मनात बसलेलं असणार. घरातल्या कुणाला तरी सांगून पहिलीचं पुस्तक आणि दुसरीचं पुस्तक मिळवा, त्यातलं न शिकवलेलं पान उघडा आणि तो नेमका कुठं थांबतो ते बघायला सांगा: अक्षराला, काना-मात्रेला की जोडाक्षराला. बहुतेक जोडाक्षराला असेल, या वयाच्या मुलांचं तसंच दिसतं. मग रोज रात्री जेवणानंतर तुम्ही पुण्याहून फोन करा आणि त्याला दहा ओळी वाचून दाखवायला सांगा. पहिले पंधरा दिवस चूक सुधारू नका. 'पुसतक' म्हणाला तर म्हणू दे. वाक्य पूर्ण झालं की तेच वाक्य तुम्ही एकदा नीट वाचा आणि पुढं चला. आवडीचं काय ते विचारा. क्रिकेट असेल तर क्रिकेटच्या बातम्या. त्याच्या शाळेतल्या बाईंना किंवा गुरुजींना एकदा जाऊन भेटा, तक्रार घेऊन नको, 'रोज पाच मिनिटं याच्याकडून वाचून घ्याल का' एवढंच विचारायला. आमच्यापैकी पुष्कळांना असं कुणी येऊन विचारलेलंच नसतं. आणि दिवाळीला गावी याल तेव्हा बेळगावात उतरलात की स्टँडजवळच्या दुकानातून त्याच्यासाठी एक गोष्टीचं पुस्तक घ्या, मोठ्या अक्षराचं, चित्रं असलेलं, चौथीच्या मुलाला शोभेल असं. सहावीचं नको.