शंका विचारा : हाफ्नियम मोठा का नाही?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत गणात (उभ्या रांगेत) वरून खाली गेलं की अणू मोठा होतो, हे तिला पाठ आहे. पण पुस्तकात झिरकोनियमची अणुत्रिज्या 160 पिकोमीटर आणि त्याच्याच खालच्या हाफ्नियमची 159 दिलीय. क्लासचे सर म्हणाले, "पाठ कर, मार्क मिळतात." छपाईची चूक तर नाही ना?
– एक पालक, ऐरोली

उत्तर : छपाई बरोबर आहे, ताई, आणि मुलीची शंकाही. टायटॅनियम 147, झिरकोनियम 160, इथवर नियम बिनबोभाट चालतो. पुढच्या ओळीत मात्र हाफ्नियमच्या आधी चौदा जास्तीची मूलद्रव्यं घुसतात. जागा वाचवायला ती तक्त्याखाली वेगळी छापतात, म्हणून पोरं ती विसरतात. मेख तिथेच आहे. त्या चौदा घरांत केंद्रकात एकेक प्रोटॉन वाढतो, ओढ वाढते. नवे इलेक्ट्रॉन बहुतेक 4एफ कक्षकात (आतल्या कवचातल्या एका जागेत) जातात, आणि ही ओढ अडवण्यात तो कक्षक अगदीच कुचकामी. बाहेरचे इलेक्ट्रॉन आत खेचले जातात. हाफ्नियमला एक कवच जास्त मिळतं खरं, पण ती वाढ या आकुंचनात खर्ची पडते.

आकार सारखा, रसायनही जवळपास सारखं. रबाळ्याच्या कारखान्यात मी लॅब सांभाळायचो, तेव्हा झिरकोनियम ऑक्सिक्लोराइड या झिरकोनियमच्या संयुगाच्या बॅगांसोबत येणाऱ्या सर्टिफिकेटवर 'झिरकोनियम (हाफ्नियम) ऑक्साइड, किमान 36 टक्के' असंच असायचं. दोघांचा हिशेब एकत्र! वेगळं करणं कुणाला परवडतंय? 1789 साली क्लाप्रोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने झिरकोनियम ओळखलं. त्यातच दडलेलं हाफ्नियम सापडायला 1923 उजाडलं, तेही कोपनहेगनमध्ये क्ष-किरण वापरून.

तारापूरच्या अणुभट्टीसाठी मात्र हा एकत्र हिशेब चालत नाही. तिथे इंधन झिरकोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरतात, कारण अणुभट्टी न्यूट्रॉनवर चालते आणि झिरकोनियम ते फारसे गिळत नाही. हाफ्नियम त्याच्या सुमारे 600 पट गिळतो. त्यामुळे तो निगुतीने काढून टाकावा लागतो.

परीक्षेत 'लॅन्थेनाइड आकुंचन' (त्या तक्त्याखालच्या मूलद्रव्यांमुळे होणाऱ्या आकुंचनाचं नाव) लिहायला सांगाच. पण आधी तिला झिरकोनियम-हाफ्नियमची घनता बघू दे : 6.5 आणि 13.3 ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. अणू तेवढाच, वजन जवळजवळ दुप्पट. मग चांदी-सोन्याची जोडी काढायला सांगा. दोघांची त्रिज्या 144, घनता 10.5 आणि 19.3. तिथेही या आकुंचनाचा मोठा हात आहे.