आधी देणं, मग विमा

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. विम्याच्या परीक्षेतला लायबिलिटीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या देण्याचा, पेपर जड जातोय याची मला काळजी नाही. पण ‘काका, आपल्या खेड्यात लायबिलिटीची पॉलिसी कोण घेतं? दुसराच विषय घेऊ का?’ असं तू विचारलंस, त्याचं वाईट वाटलं. पांढरकवड्याच्या रस्त्यावर राहतेस, दिवाळीपासून दारासमोरून कापसाच्या गाड्या जाताना पाहतेस, आणि हा विषय मुंबईतल्या लोकांचा आहे असं तुला वाटतं?

तुझा गोंधळ कुठे होतो ते तुझ्या टिपणांवरूनच कळलं. पब्लिक लायबिलिटी (बाहेरच्या माणसाचं नुकसान), प्रॉडक्ट लायबिलिटी (विकलेल्या मालाने झालेलं नुकसान), कामगार भरपाई, प्रत्येकीचं कव्हर आणि अपवाद तू वेगवेगळ्या पानांवर पाठ करतेस. अशाने गुंता होणारच. या विषयात पॉलिसी नंतर येते. आधी कोण कोणाचं काय देणं लागतो ते ठरतं. कायद्याने देणंच लागत नसेल, तर पॉलिसी कोटीची असली तरी रुपया निघत नाही. आणि देणं लागत असेल, तर पॉलिसी असो वा नसो, मालकाची सुटका नाही. आधी देणं, मग विमा.

आता एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, फाटकातून माझ्यासोबत आत चल. रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, काम करणाऱ्या मजुराचा हात अडकला. मालक सांगतो, ‘हा माझा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे.’ ऐकून घे, पण मान डोलावू नकोस. १९२३ च्या कायद्यापासून चालत आलेला नियम असा, की मालकाच्याच धंद्याचं काम ठेकेदाराकडून करून घेतलं, तरी मजुराची भरपाई मूळ मालकाकडून मागता येते. मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी. देणं ठरलं. आता पॉलिसी उघड आणि ठेकेदाराच्या मजुरांची मजुरी तिच्यात दाखवली आहे का ते बघ. बहुतेकदा दाखवलेली नसते, आणि सगळं भांडण तिथेच असतं.

त्याच आवारात गाडी खाली करणाऱ्या कास्तकाराच्या अंगावर गाठींची थप्पी कोसळली. तो कामगार नाही, तिऱ्हाईत आहे. देणं निष्काळजीपणातून आलं, तेव्हा पब्लिक लायबिलिटी. गंजीला आग लागून शेजारच्या माणसाचा गोठा जळला, तरी तीच. पण त्याच आगीत काट्यावर न चढलेला कास्तकाराचा कापूस जळाला तर? तो मालकाच्या ताब्यात होता, आणि ताब्यातला परका माल ही पॉलिसी वगळते. त्यासाठी आगीच्या पॉलिसीत सांभाळायला ठेवलेला माल म्हणून नोंद हवी. ट्रॉलीत कापसावर बसून आलेली बाई वळणावर पडली, तर मोटार पॉलिसी. २००७ मध्ये ट्रॅक्टर-ट्रॉलीतल्या मजुराचंच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. विमा कंपनी बांधील नाही असं ठरवूनही न्यायालयाने तिला आधी पैसे द्यायला आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगितलं.

एकाच आवारात एवढं सगळं आहे, आणि तू म्हणतेस खेड्यात कोण घेतं!

१९९१ चा पब्लिक लायबिलिटी विमा कायदाही असाच वाच. १९८४ ला भोपाळ झालं. पुढच्याच वर्षी दिल्लीत ओलियम वायू गळला, आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की धोकादायक उद्योगातून इजा झाली तर कोणतीही सबब चालणार नाही. मग १९९१ चा कायदा आला. हेक्झेन हे पेट घेणारं द्रावण साठवणारा, सोयाबीनचं तेल काढणारा सॉल्व्हंट प्लांट घे. ठरलेल्या मर्यादेपुढे साठा असेल, तर चूक कोणाची हे न विचारता बाहेरच्या माणसाला दिलासा द्यायचा. मूळ कायद्यात मृत्यूसाठी तो २५,००० रुपये होता. कामगार यात येत नाही, त्याचं देणं दुसऱ्या कायद्याने ठरतं. उरलेल्या भरपाईसाठी बाहेरच्या माणसाला न्यायालयाची वाट मोकळीच राहते, आणि त्या देण्यासाठी वेगळी पॉलिसी लागते. देण्यापासून सुरुवात केलीस म्हणजे दोन पॉलिसी का आहेत ते पाठ करावं लागत नाही.

तुझा क्लेम्स-मेडचा, म्हणजे दावा येईल तेव्हा चालू असलेल्या पॉलिसीने उत्तर द्यायचं या पद्धतीचा, प्रश्न. सरकी ढेप दिवाळीत विकली, ती खाऊन होळीला जनावरं दगावली, वकिलाची नोटीस पोळ्याला आली. उत्तर देणार पोळ्याला चालू असलेली पॉलिसी, पण होळीची घटना तिच्या पूर्वलक्षी तारखेनंतरची (मागच्या कुठल्या दिवसापर्यंतच्या घटना धरायच्या ती तारीख) हवी. मधे नूतनीकरण चुकलं, तर ती जुनी तारीख हातची जाते. एवढंच आहे ते.

माझी फेलोशिप राहून गेली, ते मला आजही सलतं. बढती नाकारून इकडेच राहिलो म्हणून घरचे अजून बोलतात. साहेब विचारायचे, क्लेमची फाइल टेबलावर बसून होत नाही का? नाही होत. हात तुटलेला माणूस घरी खाटेवर पडलेला असतो, आणि त्याला कामावर कोणी घेतलं, मजुरी कोण द्यायचं, हे त्याची बायको सांगते, फाइल सांगत नाही. मुकादमाच्या वहीतलं एक नाव सापडल्यावर फेटाळलेला क्लेम उघडलेला मी पाहिला आहे. म्हणून मी हट्टाने फिरलो, आणि आज कोणी विचारलं तरी फिरेनच म्हणतो. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाची फवारणी करताना माणसं मेली, तेव्हाही मला तोच प्रश्न पडला होता: वावराच्या मालकाचं, विकणाऱ्याचं की बनवणाऱ्याचं देणं? तू हा पेपर सोडलास, तर हे विचारायला इथे कोण उरणार?

विषय बदलू नकोस. फॉर्म भर. आणि पुस्तक उघडण्याआधी एवढं कर: तुमच्या गावच्या दाल मिलचा पट्टा तुटून तिथे पोतं शिवून घ्यायला आलेल्या बाईला लागला, तर कोण कोणाचं देणं लागतं ते एका पानावर लिही. पॉलिसीचं नाव घ्यायचं नाही. पान मला पाठव. लाल पेनाने तपासून परत पाठवतो.

तुझा,
काका